जुन्या लॅपटॉपवर डेबियन, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी: मराठी मजकुराच्या कामासाठी केलेली पारख

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख बरीच आधी जाहीर झालेली असल्यामुळे मी जून महिन्यातच पुढच्या सोयीला लागले होते. माझा लॅपटॉप म्हणजे सेकंडहँड घेतलेला, पाचव्या पिढीच्या इंटेल आय-५ प्रोसेसरचा थिंकपॅड. त्याची मेमरी ८ जीबी, पडदा चौदा इंची, आणि कीबोर्ड असा की त्यावर दिवसभर टंकूनही बोटे शिणत नाहीत. विंडोज ११ सर्वसाधारणपणे आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. त्यामुळे हे धडधाकट यंत्र मोडीत काढायचे किंवा त्यावर युनिक्सच्या कुळातली एखादी मोफत प्रणाली बसवायची, असे दोनच मार्ग उरले होते. मी मराठी पुस्तकांचे संपादन आणि मुद्रितशोधन करते, आणि दिवसाचे सात-आठ तास माझ्यासमोर फक्त मजकूर असतो. म्हणून प्रणाली पारखताना वेगाचे आकडे मला दुय्यम वाटले. देवनागरी बिनचूक उमटते आणि टंकता येते का, वीज गेल्यावर हस्तलिखित शाबूत राहते का, आणि काही अडले तर ते मला स्वतःला सोडवता येते का, हे मला आधी पाहायचे होते.

पारखण्याची पद्धत अगदी साधी ठेवली. एकाच डिस्कवर दोन-तीन प्रणाली नांदवण्याच्या फंदात न पडता मी तीन स्वस्त एसएसडी घेतल्या आणि लॅपटॉपची मागची पट्टी उघडून एकेक डिस्क आळीपाळीने लावली. प्रत्येक प्रणालीवर किमान पाच आठवडे खरे, पैसे देणारे काम केले. नवख्या माणसालाही माझा हाच सल्ला राहील, कारण जुनी डिस्क कपाटात सुरक्षित असली की हात मोकळेपणाने चालतो.

मोफत प्रणालींच्या पसाऱ्यातून नेमक्या डेबियन, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी याच तीन प्रणाली का निवडल्या, हे सांगण्यासाठी थोडे कुळ सांगावे लागेल. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याची जी शाखा वाढली तिला बीएसडी म्हणतात, आणि आजच्या फ्रीबीएसडी, नेटबीएसडी व ओपनबीएसडी या तिन्ही प्रणाली तिच्या थेट वारसदार आहेत. लिनक्सची गोष्ट निराळी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला तो केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने आणि इतर हजारो तुकडे त्या गाभ्याभोवती बसवून वेगवेगळे गट आपापली वितरणे तयार करतात. डेबियन हे १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले, आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे असेच वितरण आहे. बीएसडीमध्ये मात्र गाभा, मूळ साधने आणि त्यांची माहितीपत्रे एकाच गटाच्या देखरेखीखाली, एकाच ठिकाणी लिहिली जातात. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण रोजच्या वापरात तो पदोपदी जाणवतो.

पहिली पाळी फ्रीबीएसडी १४.३ ची होती. तिचा इन्स्टॉलर मजकुरी आणि इंग्रजीत आहे, निळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न विचारत जातो, आणि वीस मिनिटांत काम संपवतो. संपल्यावर समोर उरतो तो काळा पडदा आणि लॉगिनची ओळ. चित्रमय पडदा, डेस्कटॉप, इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर हे सगळे आपण मागून बसवायचे, आपले नाव 'व्हिडिओ' गटात घालायचे आणि कोणत्या सेवा सुरू ठेवायच्या ते एका साध्या फाइलमध्ये नोंदवायचे. मला यात पूर्ण एक दिवस गेला. पण तो दिवस वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण फ्रीबीएसडीचे 'हँडबुक' हे मी वाचलेल्या तांत्रिक पुस्तकांपैकी सर्वात नेटके पुस्तक आहे. त्यातली प्रत्येक पायरी जशी लिहिली आहे तशीच पडद्यावर घडते. मूळ प्रणाली एका जागी आणि आपण बसवलेले सारे दुसऱ्या जागी, ही विभागणी इतकी काटेकोर आहे की काही बिघडले तर दोष आपल्या भागात आहे की मुळात, हे लगेच कळते.

फ्रीबीएसडीची खरी श्रीमंती मात्र झेडएफएस या फाइल-व्यवस्थेत आहे, आणि ती मला एका चुकीमुळे उमगली. एका कादंबरीच्या मजकुरात लेखकाने उभयान्वयी 'की' सर्वत्र ऱ्हस्व लिहिला होता. तो दुरुस्त करताना 'पूर्ण शब्दच शोधा' ही खूण करायची राहिली आणि मी 'सर्व बदला' दाबले. त्या एका क्षणात 'किती'चे 'कीती', 'किंवा'चे 'कींवा' आणि 'किल्ला'चा 'कील्ला' झाला. फाइल जतन झाली, लॅपटॉप बंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पान उघडताच पोटात गोळा आला. झेडएफएसमध्ये फाइल-व्यवस्थेचे 'स्नॅपशॉट' म्हणजे त्या क्षणाचे जसेच्या तसे चित्र घेऊन ठेवता येते. जुना मजकूर जागचा न हलवता नवा दुसरीकडे लिहिण्याची तिची पद्धत असल्यामुळे हे चित्र घ्यायला क्षणभरही लागत नाही आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. मी दर तासाला असे चित्र घेण्याची एक ओळ आधीच लिहून ठेवली होती. घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या स्नॅपशॉट-फोल्डरात जाऊन आदल्या संध्याकाळी सहाची प्रत उघडली, तर तिथे 'किती' आणि 'किल्ला' जागच्या जागी होते. चार महिन्यांच्या कामाचा एक तास गेला, तेवढेच नुकसान झाले. प्रणालीची सुधारित आवृत्ती बसवतानाही हेच तंत्र उपयोगी पडते, कारण आधीची अवस्था राखून ठेवली जाते आणि नवी आवृत्ती अडली तर सुरू होतानाच्या यादीतून जुनी निवडता येते. एक खुलासा मात्र आवश्यक आहे. एकाच डिस्कवर झेडएफएस फाइल खराब झाल्याचे बिनचूक ओळखते, पण ती दुरुस्त करण्यासाठी दुसरी प्रत असावीच लागते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे.

अडचण आली ती वायफायची. फ्रीबीएसडीचा मुख्य वापर सर्व्हरवर होत आला आहे, आणि लॅपटॉपच्या बिनतारी चिप्सकडे तिथे उशिरा लक्ष गेले. वायफायच्या ८०२.११ एन आणि एसी या वेगवान पद्धती काही इंटेल चिप्सवर १४.३ या आवृत्तीत कुठे उपलब्ध झाल्या. माझ्या यंत्रातली चिप जुन्या ड्रायव्हरवर चालत असल्यामुळे घरची इंटरनेट-जोडणी दीडशे मेगाबिटची असूनही मला त्यातले वीस-बावीसच मिळत होते. मजकुराच्या कामाला तेवढे पुरते, पण प्रकाशकाकडून आलेली चित्रांसह तयार पीडीएफ उतरवून घेताना ते खटकते. झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जावे यासाठीही एक ओळ स्वतः लिहावी लागली. हे चित्र बदलते आहे, हेही नोंदवायला हवे. फ्रीबीएसडी फाउंडेशनने २०२४ मध्ये लॅपटॉपवरचा आधार सुधारण्यासाठी साडेसात लाख डॉलरचा संयुक्त प्रकल्प जाहीर केला, आणि वायफायमधली सुधारणा हे त्यातले महत्त्वाचे काम आहे.

दुसरी पाळी ओपनबीएसडीची. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळे होऊन ही प्रणाली उभी केली, आणि आज जगभरातले सर्व्हर ज्या ओपनएसएसएचने दुरून चालवले जातात ते याच मंडळींनी १९९९ मध्ये घडवले. तिचा इन्स्टॉलर आणखीच साधा आहे. एकेका ओळीत प्रश्न, कंसात सुचवलेले उत्तर, आणि बहुतेक वेळा केवळ एंटर दाबत गेले तरी दहा मिनिटांत प्रणाली तयार. चित्रमय पडदा मूळ प्रणालीतच समाविष्ट असतो. वायफायचा ड्रायव्हर आहे, पण त्याला लागणारे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, परवान्याच्या कारणाने सोबत देता येत नाही, ते पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंटरनेटवरून येते. मी फोन यूएसबीच्या तारेने जोडून फोनचेच इंटरनेट दिले, फर्मवेअर आले, आणि नंतर वायफाय फ्रीबीएसडीपेक्षा कितीतरी वेगाने चालले, कारण एन आणि एसी या पद्धती त्या ड्रायव्हरमध्ये आधीपासून आहेत. झाकण मिटले की यंत्र झोपते, उघडले की जागे होते, आणि यासाठी मला एक अक्षरही लिहावे लागले नाही. थिंकपॅडवर ओपनबीएसडी किती स्वाभाविकपणे चालते, याचे मला खरोखर नवल वाटले.

तिची शिस्त मात्र कडक आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय ही प्रणाली घरातल्या यंत्रावर आणू नये. दुसऱ्याच दिवशी ताईने तिच्या संस्कृतच्या ऑनलाइन वर्गासाठी लॅपटॉप घेतला आणि पाच मिनिटांत मला हाक मारली, "अगं, माझा आवाजच जात नाहीये त्यांना. माईक बिघडलाय का?" माईक बिघडलेला नव्हता. ओपनबीएसडीमध्ये आवाज आणि चित्र टिपणे कर्नलच्या पातळीवरच बंद ठेवलेले असते, आणि मालकाने दोन ओळी लिहून परवानगी दिल्याशिवाय कोणत्याही प्रोग्रामला फक्त शांतता आणि काळोख मिळतो. फायरफॉक्सचेही तसेच आहे. 'अनव्हेल' या यंत्रणेमुळे ब्राउझरला आपल्या घरच्या फोल्डरांपैकी जवळजवळ फक्त 'डाउनलोड्स' दिसते. पत्राला जोडायची फाइल 'दस्तऐवज' फोल्डरात होती, आणि ब्राउझरच्या खिडकीत ते फोल्डर रिकामे दिसत होते. ती फाइल आधी डाउनलोड्समध्ये हलवावी लागली. एखाद्या लबाड संकेतस्थळाने ब्राउझरचा ताबा घेतला तरी माझी हस्तलिखिते त्याच्या नजरेस पडणार नाहीत, याचा मला मोठा दिलासा वाटला, पण ताईला ते पटवून देणे कठीण गेले. ब्लूटूथ या प्रणालीत नाही, ते २०१४ मध्येच काढून टाकले गेले. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यावर दोन कामे एकत्र चालवण्याची सोयही सुरक्षिततेसाठी बंद असते, त्यामुळे माझा दोन गाभ्यांचा, चार धाग्यांचा प्रोसेसर इथे दोनच धाग्यांवर चालतो आणि मोठी फाइल उघडताना ते जाणवते.

माझ्या दृष्टीने ओपनबीएसडीचा निकाल लागला तो विजेमुळे. आमच्याकडे सप्टेंबरच्या पावसात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, आणि या जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेव्हा पाच मिनिटेही तग धरत नव्हती. ओपनबीएसडीची फाइल-व्यवस्था जुन्या बर्कली परंपरेतली आहे. चाललेल्या बदलांची आगाऊ नोंद, म्हणजे जर्नल, ती ठेवत नाही. म्हणून यंत्र अचानक बंद पडले की पुढच्या वेळी सुरू होताना संपूर्ण डिस्क तपासली जाते. एका संध्याकाळी ही तपासणी मध्येच थांबली, आपोआप दुरुस्ती शक्य नाही, तपासणी हाताने चालवा, असा संदेश आला, आणि मी पांढऱ्या अक्षरांच्या त्या पडद्यासमोर एकेका प्रश्नाला होकार देत बसले. मजकूर शेवटी मिळाला, शेवटच्या अर्ध्या तासातल्या दुरुस्त्या तेवढ्या गेल्या. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर किंवा चांगली बॅटरी आहे त्यांना हा प्रसंग येणारही नाही. माझ्याकडे तो एका महिन्यात तीनदा आला.

आता मराठीकडे वळते, कारण याविषयी लिहिलेले सहसा सापडत नाही. एक चांगली गोष्ट अशी की तिन्ही प्रणालींत अक्षरांची जुळणी करणारे इंजिन एकच, हार्फबझ, आहे. म्हणून 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला रफार आणि आडवा अर्धा ऱ यांचा भेद फायरफॉक्स व लिब्रेऑफिसमध्ये तिन्हीकडे अचूक दिसतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य ची कळ, एवढे दाबले की 'ऱ्य' उमटतो, आणि ही मांडणी पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो व्यवस्थेतच अंतर्भूत असल्यामुळे वेगळे काही न बसवता एका ओळीत सुरू करता येते. अॅ चा मात्र घोळ आहे. जुन्या इनस्क्रिप्टने 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेला 'अॅ' आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली स्वतंत्रपणे आलेला 'ॲ' डोळ्यांना सारखेच दिसतात, पण यंत्राला ते निराळे वाटतात. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला 'अॅप' दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. वर्धित इनस्क्रिप्टमध्ये 'ॲ' थेट मिळतो. ती मांडणी घ्यावी आणि जुन्या मजकुरात सगळीकडे एकच रूप करून टाकावे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निश्चित करावी लागते, नाहीतर काही फाँटांत हिंदी वळणाची अक्षरे येतात.

खरा फरक पडला तो अकारविल्हे लावताना. एका निसर्गविषयक पुस्तकाची सूची मी ओपनबीएसडीच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, क्रमाने लावली, तेव्हा काळवीट, कावळा, कासव, काहूर असा क्रम आला. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून काळवीट सर्वांच्या शेवटी हवे होते. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. ओपनबीएसडीमध्ये भाषेनुसार क्रम लावण्याची सोय नाही, ती केवळ अक्षरांचे संकेतक्रमांक पाहते, त्यामुळे दुसरे काही घडणे शक्यच नव्हते. डेबियनवर मराठी लोकेल, म्हणजे भाषेचे नियम ठरवणारी निवड, करून तीच आज्ञा दिली तेव्हा कावळा, कासव, काहूर, काळवीट असा कोशातला क्रम पडद्यावर आला. चारशे नोंदींची सूची हाताने पुन्हा लावण्याचे श्रम ज्याने कधी घेतले असतील त्याला याचे मोल सांगावे लागणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले आणि ओपनबीएसडीची पाळी संपल्यावर मी ते तिसऱ्या डिस्कवर बसवले. इन्स्टॉलर सुरू होताच भाषांच्या यादीत 'मराठी' दिसली. ती निवडली आणि पुढचे बहुतेक प्रश्न मराठीतून आले. काही शब्द अवघड वाटले, 'विभाजन' म्हणजे डिस्कचे भाग पाडणे हे वाचताना क्षणभर थांबावे लागले, पण कुणीतरी बसून या हजारो ओळी मराठीत आणल्या आहेत याचे मनापासून कौतुक वाटले. आवृत्ती १२ पासून डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायचे फर्मवेअर सोबत मिळते, त्यामुळे फोनची तार शोधावी लागली नाही. बीएसडी बसवताना सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच चालू देणारी सोय, बंद ठेवावी लागली होती. डेबियन ती चालू असतानाही सुरू होते. डेस्कटॉप, मराठी फाँट, ध्वनी, ब्लूटूथ, झाकणाची झोप यांपैकी कशासाठीच मला काही लिहावे लागले नाही. घरातल्या, एका नामांकित कंपनीच्या जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर फक्त विंडोज आणि लिनक्ससाठी आहेत, तोही इथेच चालला. ताईच्या वर्गाचा प्रश्नही मिटला.

दोष आहेत. डेबियनच्या भांडारात जवळजवळ ७० हजार पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार असे प्रोग्रामचे गठ्ठे, आहेत, पण ती आवृत्ती निघताना जशी असतील तशीच पुढे राहतात, प्रामुख्याने सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. नवे काही हवे असणाऱ्याला हे जुनाट वाटेल. मला मात्र पुस्तक अर्ध्यावर असताना लिब्रेऑफिसचे रूप बदलू नये असेच वाटते, आणि एकूण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, त्या तुलनेत ओपनबीएसडीची एक आवृत्ती जेमतेम वर्षभर टिकते. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनात कुणीतरी चोरदार घुसवल्याचे उघड झाले, तेव्हा डेबियनची चाचणीसाठीची शाखा सापडली होती, पण स्थिर आवृत्ती बचावली होती. तिचा संथपणा तेव्हा कामी आला. अधिक खटकणारी गोष्ट म्हणजे माहिती विखुरलेली आहे. इन्स्टॉल करताना मुख्य प्रशासकाचा, म्हणजे 'रूट'चा पासवर्ड दिला, तर आपल्या नेहमीच्या नावाला 'सुडो', म्हणजे प्रशासकाच्या हक्काने आज्ञा देण्याचे साधन, वापरण्याचा अधिकार मिळत नाही. तो पासवर्ड रिकामा सोडला तरच मिळतो. इतकी साधी बाब नवख्याला शोधत बसावी लागते. फ्रीबीएसडीच्या हँडबुकाची इथे फार आठवण होते. झेडएफएसही इथे दुय्यम आहे. तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नसल्यामुळे ती सोबत येत नाही, तिचा भाग आपल्याच यंत्रावर घडवून घ्यावा लागतो. मी तो प्रयत्न केला नाही आणि एक्स्ट४ ही नेहमीची फाइल-व्यवस्था ठेवली. तिला जर्नल आहे, आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात चार वेळा वीज जाऊनही यंत्र प्रत्येक वेळी काही सेकंदांत उभे राहिले.

इतर वितरणांचा उल्लेख थोडक्यात करते. ज्यांना टर्मिनल उघडायचेच नाही त्यांनी लिनक्स मिंट घ्यावे, विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते सर्वात लवकर आपलेसे वाटते. उबुंटू त्याच वळणाचे आहे, पण २२.०४ पासून त्यात फायरफॉक्स 'स्नॅप' या बंद डब्यातून येतो आणि जुन्या यंत्रावर तो पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो. फेडोरा नवेपणासाठी चांगले, मात्र त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच चालते. आर्चमध्ये आवृत्ती अशी नसतेच, सुधारणा सतत येत राहतात, आणि ज्याला त्यांच्या मागे धावण्याची हौस नाही त्याने ते टाळावे. घरात एखादा ३२ बिटचा, पंधरा-अठरा वर्षांपूर्वीचा संगणक असेल तर गोष्ट वेगळी आहे. डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी त्यांना अजूनही सांभाळतात. नेटबीएसडी १०.० मार्च २०२४ मध्ये आली आहे, आणि टिपणे लिहिण्यासाठी वा जुनी फ्लॉपी वाचण्यासाठी तसले यंत्र जिवंत ठेवायचे असेल तर मी तीच सुचवीन.

एक इशारा मुद्रणव्यवसायातल्या मित्रांसाठी. अनेक प्रकाशक अजून श्रीलिपी किंवा आकृती यांच्या युनिकोडपूर्व फाँटांत मजकूर जुळवतात, आणि ती सॉफ्टवेअरे विंडोजवर चालतात. या तिन्हींपैकी कोणतीही प्रणाली त्यावरचा पर्याय नाही. माझ्याकडे मजकूर युनिकोडमध्ये येतो आणि युनिकोडमध्येच जातो, म्हणून माझे भागले. तुमचे काम जुन्या फाँटांवर अवलंबून असेल तर निदान एक विंडोज यंत्र, इंटरनेटपासून वेगळे करून का होईना, राखून ठेवा. संरक्षित चित्रपट-मालिकांच्या सशुल्क सेवांचेही तसेच आहे. त्यांना लागणारा कुलूपबंद भाग लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये सहज येतो, बीएसडीवर त्यासाठी बरीच खटपट पडते.

सध्या लॅपटॉपमध्ये डेबियनची डिस्क आहे आणि रोजचे सगळे काम तिच्यावर चालते. फ्रीबीएसडी मात्र मी सोडलेली नाही. घरातल्या एका जुन्या डेस्कटॉपमध्ये सारख्याच दोन डिस्क बसवून तिथे ती टाकली आहे, म्हणजे झेडएफएसला दुरुस्तीसाठी दुसरी प्रतही मिळते, वायफायचा प्रश्नच येत नाही, आणि लॅपटॉपवरची हस्तलिखिते रोज रात्री तारेवरून तिथे जाऊन पडतात. गेल्या आठवड्यात तिथल्या तासातासाच्या चित्रांमधून एका लेखकाला त्याच्याच प्रस्तावनेचा दिवाळीपूर्वीचा मसुदा काढून दिला. ओपनबीएसडीची डिस्क नाव लिहून कपाटात ठेवली आहे. लॅपटॉपला नवी बॅटरी मागवली आहे, ती आली आणि तासभर टिकू लागली की मी ती डिस्क पुन्हा लावणार आहे, कारण ज्या दिवशी वीज जात नाही त्या दिवशी त्या यंत्रावर काम करताना मला जितके निश्चिंत वाटले तितके आजवर कुठल्याच संगणकावर वाटलेले नाही.